चिनी झाड, खानदेशी माणूस आणि सह्याद्रीतला नरक्या

खानदेशातून कर्करोगाचा रुग्ण उपचाराला निघाला की मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा रस्ता धरण्याआधी हल्ली तो बहुधा नाशिकला थांबतो. इथल्या केमोथेरपीच्या खोल्यांत स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी जे औषध सलाइनमधून थेंबथेंब चढवतात, त्याचे नाव पॅक्लिटॅक्सेल. मोठ्या आतड्याचा कर्करोग असेल तर कागदावर इरिनोटेकान हे नाव दिसते. पहिले औषध अमेरिकेतल्या एका सूचिपर्णी झाडाच्या सालीत सापडले, दुसऱ्याचे मूळ एका चिनी झाडाच्या खोडात. दोन्हींची मूळ द्रव्ये एकाच प्रयोगशाळेत, पाच वर्षांच्या अंतराने जगापुढे आली. त्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रमुख रसायनशास्त्रज्ञांपैकी एक होते नंदुरबारचे मनसुख छगनलाल वाणी. नाशिक विभागात त्यांचे नाव विचारले, तर शंभरातल्या किती जणांना सांगता येईल याची मला शंकाच आहे.

वाणींचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. बाजारपेठ मोठी, पेढ्यांवर गुजराती आणि मराठी दोन्ही चालायच्या आणि पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्लांचा मुलूख. ९ सप्टेंबर १९४२ ला याच गावात शाळकरी शिरीषकुमार मेहता ‘छोडो भारत’ चळवळीत पोलिसांच्या गोळीला बळी पडला. वाणी त्याच्याहून दीड-दोन वर्षांनीच मोठे. त्या पिढीतल्या हुशार पोराला शिकायचे तर मुंबई गाठावी लागे. वाणींनी ती गाठली, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, मुंबईतच काही काळ शिकवले आणि पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात दाखल झाले. १९६२ मध्ये ते पीएचडी झाले. वय सदतिसाच्या घरात, म्हणजे संशोधक म्हणून उशीरच. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना नोकरी मिळाली. संस्था नवी होती आणि तिथल्या नैसर्गिक द्रव्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते मनरो वॉल.

या वॉलसाहेबांची आधीची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५० च्या दशकात कॉर्टिसोन हे संधिवाताचे नवे औषध महाग आणि दुर्मिळ होते. ते ज्यापासून बनवता येईल अशी स्टेरॉइडे वनस्पतींत कुठे सापडतात का, हे पाहायचे काम अमेरिकेच्या कृषी खात्याने फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत वॉलकडे दिले होते. हजारो झाडांचे अर्क त्यांनी काढले, तपासले आणि बाटल्यांत भरून ठेवले. १९५७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल भेटायला आले. ते कर्करोगावर चालतील अशी वनस्पतिद्रव्ये धुंडाळत होते. स्टेरॉइडच्या दृष्टीने काम संपलेले हजारएक अर्क वॉलनी त्यांना देऊन टाकले. त्यांतला एकच अर्क उंदरांच्या कर्करोगावर जबरदस्त चालला. तो होता कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या झाडाचा. मूळ झाड चीनचे, पण कृषी खात्याने ते कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या बागेत लावून ठेवले होते. चिनी लोक त्याला ‘शी शू’ म्हणजे आनंदाचे झाड म्हणतात.

कृषी खात्याला कर्करोगाशी काही देणेघेणे नव्हते. वॉलना या झाडाच्या मागे जायचे होते, म्हणून १९६० मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि ते नॉर्थ कॅरोलायनात आले. दोन वर्षांनी वाणी येऊन मिळाले. पुढची चाळीस वर्षे ही जोडी फुटली नाही.

काम कसे चालायचे ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. चिकोहून कॅम्प्टोथेकाचे २० किलो लाकूड आणि साल आली. ती दळायची, गरम द्रावकात उकळायची, द्रावक उडवायचा आणि उरलेल्या काळसर चिकट लगद्यातून द्रव्ये वेगळी काढायची. त्यासाठी एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव काचेच्या नळ्यांत पुन्हा पुन्हा घुसळायचे. काही द्रव्ये एका द्रवात राहतात, काही दुसऱ्यात जातात आणि टप्प्याटप्प्याने लगदा वाटला जातो. प्रत्येक वाट्याचा थोडा अंश उंदरांवरच्या चाचणीसाठी पाठवायचा. निकाल यायला आठवडे लागत. ज्या वाट्याने उंदीर जास्त जगले तो पुढे न्यायचा, बाकीचे बाजूला. मग तोच खेळ नव्याने. आज ऐकताना हे उघड वाटते, पण त्या काळी बहुतेक रसायनशास्त्रज्ञ झाडातून जे सुंदर स्फटिकरूपात मिळेल तेच काढत आणि मग ते कशाला उपयोगी पडते ते पाहत. वॉल आणि वाणींनी क्रम उलटा केला. आधी गुण, मग द्रव्य. गुण जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जायचे, मग ते द्रव्य कितीही हट्टी का असेना.

आणि हे द्रव्य हट्टी होतेच. पिवळसर स्फटिक, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. अतिनील दिव्याखाली धरले की निळेशार चमकायचे, त्यामुळे निदान ते कुठे आहे हे तरी कळायचे. १९६६ मध्ये त्यांनी रचना प्रसिद्ध केली. पाच वलये एकमेकांना जोडलेली, शेवटचे वलय लॅक्टोनचे. क्ष-किरणांनी स्फटिकाचा नकाशा काढून ती पक्की केली होती. झाडाच्या नावावरून द्रव्याचे नाव ठेवले कॅम्प्टोथेसिन.

पॅक्लिटॅक्सेलची, म्हणजे तेव्हाच्या टॅक्सॉलची, कथा समांतर चालली होती. ऑगस्ट १९६२ मध्ये कृषी खात्याचे आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू झाडाची साल आणली. अमेरिकन लाकूडतोड्यांच्या लेखी ते फालतू झाड होते, मोठ्या झाडांची तोड झाली की उरलेले जाळून टाकायचे. ही साल या दोघांकडे आली. १२ किलो मालातून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य निघाले, म्हणजे ०.००४ टक्के. रेणू इतका गुंतागुंतीचा की त्याचे स्फटिकही धड मिळेनात. शेवटी त्याचे दोन तुकडे केले, प्रत्येक तुकड्याचा स्फटिक बनवून क्ष-किरणांखाली धरला आणि मग दोन्ही जोडून अख्खी रचना मांडली. १९७१ मध्ये तो शोधनिबंध आला, पहिले नाव वाणींचे. आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या सुझान हॉर्विट्झ यांनी दाखवून दिले की पेशी दुभंगताना जे सूक्ष्मनलिकांचे जाळे उभे राहते आणि काम झाले की मोडते, ते टॅक्सॉल मोडूच देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि मरते. डिसेंबर १९९२ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. टॅक्सॉल हे नाव वॉल यांनी १९६७ मध्ये ठेवले होते. ते पुढे कंपनीचे व्यापारचिन्ह झाले आणि शास्त्रज्ञांना स्वतःच्या शोधाला पॅक्लिटॅक्सेल म्हणायची सवय करून घ्यावी लागली. हेही पाण्यात विरघळत नसल्याने ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकातून द्यावे लागते. त्या द्रावकाची ॲलर्जी उठू नये म्हणून आधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. केमोच्या खोलीत बसलेल्या नातेवाइकांना हे आधीचे इंजेक्शन चांगलेच परिचयाचे असते.

पण १९७२ साली हे यश दूर होते. उलट तेव्हा कॅम्प्टोथेसिनचे दिवाळे वाजत होते. पाण्यात विरघळावे म्हणून त्याचे सोडियम लवण करून रुग्णांना दिले गेले. त्यात ते शेवटचे लॅक्टोन वलय उघडते, आणि वलय उघडले की औषधाचा जोर जातो. म्हणून मात्रा वाढवली. मूत्राशयातल्या आम्लात वलय पुन्हा मिटायचे आणि सगळा जोर तिथेच निघायचा. रुग्णांना रक्ताची लघवी होऊ लागली, अस्थिमज्जा खचली, चाचण्या थांबल्या. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही चूक एका वलयाची होती, पण तिने औषधाची तेरा वर्षे खाल्ली.

नेमक्या त्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईच्या गोरेगावातून एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिथे सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र होते. सिबाला भारतीय वनस्पतींची गोडी लागली होती ती सर्पगंधेमुळे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ५० रुग्णांच्या नोंदींसह मांडले. सारे जग जागे झाले आणि १९५२ मध्ये सिबाच्या बाझलच्या प्रयोगशाळेने सर्पगंधेतून रिसर्पिन वेगळे केले. पुढे कंपनीने गोरेगावात केंद्र काढले तेव्हा प्रमुख म्हणून मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे टी. आर. गोविंदाचारी यांना आणले. भारतातल्या अल्कलॉइडांचा एवढा जाणकार त्या काळात विरळाच. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फिटिडा नावाच्या सह्याद्रीतल्या झाडाची तपासणी केली. त्यात निघाले कॅम्प्टोथेसिन. चिनी झाडाशी ज्याचे जवळचे नातेगोते नाही, ज्याचे कुळही वेगळे, अशा झाडात तोच रेणू, तीच पाच वलये. पुढच्या विश्लेषणांत दिसले की चिनी झाडापेक्षा यात त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असते.

हेच झाड म्हणजे आपला नरक्या. कुठे त्याला घाणेरा म्हणतात, कुठे अमृता. नरक्या आणि घाणेरा ही नावे फुलांच्या दुर्गंधीने मिळवून दिली आहेत. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातल्या दाट रानात मोठ्या झाडांच्या सावलीत तो उभा असतो. दोन-तीन पुरुष उंचीचा, फारसा लक्ष वेधून न घेणारा. पावसाळ्यात फिकट पिवळसर फुलांचे गुच्छ येतात आणि पुढे जांभळासारखी लहान काळसर फळे धरतात. शास्त्रीय नोंदीत तो मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल जॉन ग्रॅहॅम यांच्यामुळे आला. डाक सांभाळता सांभाळता ग्रॅहॅमनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. १८३९ मध्ये पुस्तक छापून पुरे होण्याआधीच ते खंडाळ्याला वारले आणि उरलेले काम जोसेफ निम्मो या मित्राने तडीस नेले. त्या निम्मोंचे नाव आज झाडाच्या शास्त्रीय नावात आहे, नोथापोडायटिस निम्मोनियाना. पोस्टातल्या माणसाच्या छंदामुळे नोंदले गेलेले झाड सव्वाशेहून अधिक वर्षांनी कर्करोगाच्या यादीत आले, हे मला या सगळ्या गोष्टीतले सर्वांत लोभस वळण वाटते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण असे लेख वाचले की कुणीतरी लगेच म्हणते, हे सगळे आपल्याकडे आधीच माहीत होते. सर्पगंधेच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे होते, वैद्य ती वापरतच होते. नरक्याच्या बाबतीत नाही. कर्करोगाचे औषध म्हणून त्याची ख्याती कधीच नव्हती. यूची किंवा कॅम्प्टोथेकाचीही नव्हती. अमेरिकेच्या कर्करोग संस्थेने १९६० पासून दोन दशकांत सुमारे ३५,००० वनस्पती तपासल्या, आणि त्यातून हाताला लागलेली मोठी औषधे बोटांवर मोजण्याइतकी. ती कुणा पोथीत नव्हती. आंधळेपणाने पण शिस्तीने केलेल्या चाळणीतून ती आली. परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा, पण वाणींच्या नळ्यांचे श्रेय पोथीच्या खाती मांडू नये.

गोरेगावच्या शोधाची वेळ चुकली. ज्या द्रव्याला रुग्णालयांनी नुकतेच बाहेर काढले होते त्याचा नवा साठा सापडून उपयोग काय? नरक्या पुन्हा निवांत सावलीत राहिला. त्याच्या दृष्टीने ही तेरा वर्षे चांगलीच गेली म्हणायची.

१९८५ मध्ये लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कॅम्प्टोथेसिनचे कोडे सोडवले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची प्रत काढते. पीळ घातलेला दोर मधून उलगडू लागलो की पुढचा पीळ आणखी घट्ट होतो, तसेच इथे होते. हा ताण सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर एक धागा कापते, पीळ सोडते आणि धागा परत सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि सांधू देत नाही. प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते, डीएनए तुटतो, पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात म्हणून त्यांच्यावर हा घाव अधिक बसतो. केसांच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही झपाट्याने दुभंगतात, म्हणून इरिनोटेकान घेणाऱ्यांना जुलाबांचा त्रास होतो आणि केस गळतात.

आता नेम कुठे धरायचा हे कळले होते. रसायनशास्त्रज्ञांनी लॅक्टोनचे वलय जपून रेणूला पाण्यात विरघळणाऱ्या शेपट्या जोडल्या. जपानमध्ये याकुल्ट कंपनीने, होय, तीच ती आंबवलेल्या दुधाच्या छोट्या बाटल्यांची कंपनी, इरिनोटेकान बनवले. ते तिथे १९९४ मध्ये आणि अमेरिकेत १९९६ मध्ये आले. त्याच वर्षी बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी टोपोटेकानला मान्यता मिळाली. ही औषधे कारखान्यात बनतात हे खरे, पण सुरुवात झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासूनच होते. प्रयोगशाळेत ते मुळापासून तयार करण्याच्या वाटा अनेकांनी शोधल्या आहेत. तरीही झाड स्वस्त पडते.

आणि झाड कुठे आहे, तर सह्याद्रीत. त्यातही कॅम्प्टोथेसिन सर्वांत जास्त मुळांत, त्याखालोखाल खोडात, पानांत सर्वांत कमी. नुसते खोड कापले तर नरक्याला बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. पण पैसा मुळात आहे म्हटल्यावर मूळ कोण सोडणार? कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या वृत्तपत्रांत ‘नरक्याची तस्करी’ ही बातमी नित्याची झाली. रात्री रानात शिरायचे, झाड मुळासकट उपटायचे, त्याचे तुकडे करून पोत्यांत भरायचे आणि जळाऊ लाकडाच्या गाडीत लपवून घाट उतरायचे. पकडला जातो तो बहुतेक वेळा वाडीवरचा मजूर. पोते कुणाकडे जाते, तिथून अर्क कुठल्या देशात जातो, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारायला त्याला सवडही नसते. हिमालयातल्या थुनेराचे, म्हणजे आपल्याकडच्या यूचे, टॅक्सॉलच्या मागणीपायी हेच हाल झाले. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पुढे निर्बंध आले.

टॅक्सॉलने मात्र यातून एक वाट काढली. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून जवळचा एक रेणू काढून त्याचे टॅक्सॉल करण्याची वाट दाखवली. पाने पुन्हा येतात, साल येत नाही. नंतर झाडाच्या पेशी टाक्यांत वाढवूनही टॅक्सॉल मिळू लागले. नरक्याच्या बाबतीत असे काही सुटसुटीत अजून झालेले नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच्या पेशी वाढवून पाहिल्या गेल्या. जम्मूच्या संशोधकांना नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवताना आढळली. पण प्रयोगशाळेतले काचपात्र आणि कारखान्याची टाकी यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतराची किंमत रान मोजते.

वाणींना आणि वॉलना मानसन्मान मिळाले, तेही बरेच उशिरा. २००० मध्ये त्यांना कर्करोग संशोधनाचा केटरिंग पुरस्कार मिळाला. वॉल २००२ मध्ये गेले. पुढच्या वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांच्या प्रयोगशाळेला रसायनशास्त्रातले ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित केले. वाणी ११ एप्रिल २०२० ला वारले, वय ९५. करोनाची टाळेबंदी चालू होती, वृत्तपत्रे पातळ झाली होती आणि त्यांच्या जाण्याची इथे फारशी दखल घेतली गेली नाही. २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत सी. व्ही. रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ विज्ञान दिन होतो, त्याच्या आठ दिवस आधी त्यांचा वाढदिवस येतो. नंदुरबार, धुळे, नाशिकच्या विज्ञान शिक्षकांनी त्या आठवड्यात एक तास त्यांच्यासाठी काढला तर मुलांना रामन यांच्याइतकाच आपला वाटेल असा माणूस भेटेल.

आणि सह्याद्रीत पावसाळी भटकंतीला जाणाऱ्यांना एक विनंती. दुर्गंधी येणारी फुले आणि गुळगुळीत पानांचे हे झाड दिसले तर फोटो जरूर काढा, पण ते कुठे उभे आहे ते समाजमाध्यमांवर टाकू नका. फोनने फोटोला आपोआप जोडलेले ठिकाण आधी काढून टाका. झाड तोडलेले किंवा खणून काढलेले दिसले तर जवळच्या वनरक्षकाला कळवा, आणि ठिकाण फक्त त्यालाच सांगा.